दोघांचं एक रिटर्न: सवलत कुणाला, मालकी कुणाची?

जुलै महिना लागला की माहीममध्ये लेडी जमशेटजी रोडच्या दुतर्फा, जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या सीएंकडे लोकांची ये-जा वाढते. कुणाच्या हातात फॉर्म १६ असतो, कुणाच्या हातात बँकेची व्याजाची सर्टिफिकेटं. त्यातल्या अनेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘आम्हा दोघांचं मिळून एकच रिटर्न नाही का भरता येत?’ अमेरिकेतल्या भावाचं किंवा मुलाचं उदाहरण सोबत असतंच. उत्तर दोन अक्षरी आहे, ‘नाही’. भारताचा आयकर नवरा-बायकोला जोडपं म्हणून ओळखत नाही. त्याला दोन पॅन नंबर दिसतात, दोन करदाते दिसतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा २०२५चा आयकर कायदा घेतो, आणि त्यानंतरही हे असंच आहे.

मात्र प्रश्न विचारणाऱ्याची तक्रार या उत्तराने मिटत नाही, कारण ती खरी आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नव्या पद्धतीचे दर घेऊ. समजा, एका घरात नवऱ्याचं करपात्र उत्पन्न २४ लाख आहे आणि बायको घर, मुलं आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं सांभाळते. पहिले चार लाख करमुक्त, पुढच्या प्रत्येक चार लाखांवर ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, असा कर तीन लाख होतो. चार टक्के सेस धरून ३ लाख १२ हजार. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या घरात दोघांचं करपात्र उत्पन्न प्रत्येकी १२ लाख. त्यांच्या घरातही २४ लाखच येतात, पण १२ लाखांपर्यंत पूर्ण रिबेट असल्यामुळे दोघांचाही कर शून्य. घरं सारखी, मिळकत सारखी, शाळेची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्सही सारखा, तरी फरक तीन लाखांवर.

या फरकाला सरळ अन्याय म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचा आवाज गेल्या काही वर्षांत मोठा झाला आहे. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने, आयसीएआयने, २०२५च्या अर्थसंकल्पापूर्वी सरकारला दिलेल्या सूचनांमध्ये विवाहित जोडप्यांना संयुक्त रिटर्नचा पर्याय द्यावा, असं सुचवलं होतं. अर्थसंकल्पात ते आलं नाही. मागणी मात्र राहिली आणि ती पुन्हा पुन्हा येईल. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा पुरता पाहून घेणं गरजेचं आहे.

‘लग्न झालेल्याला थोडी सूट’ ही कल्पना आपल्याला नवी नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी करमुक्त टप्पा दोन हजार रुपये आणि अविवाहितांसाठी एक हजार, असा भेद केला गेला. एका पगारावर संसार चालवणाऱ्याला थोडा श्वास मिळावा, हा हेतू. पुढे हा भेद गेला. नंतर बराच काळ स्त्रियांना पुरुषांपेक्षा किंचित वरची करमुक्त मर्यादा होती. शेवटच्या वर्षी, २०११-१२ मध्ये, ती १ लाख ९० हजार होती आणि पुरुषांची १ लाख ८० हजार. त्यानंतर तीही गेली. उलट्या दिशेचा प्रयत्नही झाला. शेतीच्या संपत्तीवरील कराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या के. एन. राज समितीने १९७२ मध्ये नवरा, बायको आणि अज्ञान मुलं असं कुटुंबच कराचं एकक मानावं, अशी शिफारस केली. हेतू असा, की एकाच घरातली जमीन वेगवेगळ्या नावांवर दाखवून कर चुकवता येऊ नये. म्हणजे नवरा-बायकोला एकत्र मोजण्याची भाषा सवलत देण्यासाठीही वापरली जाते आणि सवलत काढून घेण्यासाठीही. चढते दर आणि स्लॅब कसे लावले आहेत, यावर सगळं अवलंबून असतं.

सध्याच्या कायद्यात या दुसऱ्या हेतूची खूण ठळक आहे. तिला सीएंच्या भाषेत क्लबिंग म्हणतात. १९३६च्या आयकर चौकशी अहवालात असं दिसून आलं होतं, की नवरे बायकोला नावापुरती भागीदार करतात, तिच्या नावावर शेअर टाकतात आणि कर वाचवतात. १९३७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशी मिळकत नवऱ्याच्या उत्पन्नात धरली जाऊ लागली. १९६१ मध्ये बालाजी खटल्यात हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असा आक्षेप सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायालयाने कलम कायम ठेवलं. त्याच वर्षीच्या नव्या आयकर कायद्यात ते कलम ६४ म्हणून आलं, आणि २०२५च्या कायद्यातही त्याचा गाभा तोच आहे.

माहीममधल्या घरांत क्लबिंग कसं शिरतं, हे सीएंना रोज दिसतं. नवऱ्याने बोनसचे दहा लाख बायकोच्या नावावर एफडीत टाकले, तर व्याज तिच्या पासबुकात येतं, पण कर नवऱ्याच्या स्लॅबने लागतो. त्या व्याजातून तिने पुढे काही गुंतवलं, तर त्या दुसऱ्या गुंतवणुकीचं उत्पन्न मात्र तिचं. कापड बाजारातल्या दुकानदाराने बायकोला दरमहा पगार दाखवला, तर तो पगार नवऱ्याच्या उत्पन्नात जातो. अपवाद एवढाच, की तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असावी आणि पगार त्याच ज्ञानाचा असावा. फार्मासिस्ट बायको नवऱ्याच्या औषधांच्या दुकानात बसत असेल तर तो तिचा. गल्ल्यावर दिवसभर उभी राहणारी, उधारीची वही तोंडपाठ असणारी, पण पदवी नसलेली बायको असेल तर तो तिचा नाही. या ठिकाणी कायदा तिच्या कामाला मोल नाही असं म्हणतो, आणि मला ते बोचतं. कर चुकवणाऱ्याला पकडताना खरं राबणारीही त्याच जाळ्यात सापडते.

घराच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. जुन्या पागडीच्या इमारती पाडून टॉवर उभे राहताना करारात कुणाचं नाव घालायचं, यावर घराघरांत खलबतं होतात. नवऱ्याने सगळा पैसा भरून फ्लॅट बायकोच्या नावावर केला किंवा नंतर तिला बक्षीसपत्राने दिला, तर कागदोपत्री मालकीण ती होते. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीस देताना मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. पण तो फ्लॅट भाड्याने दिला, तर आयकर कायदा नवऱ्यालाच मालक मानतो आणि भाडं त्याच्या रिटर्नमध्ये जातं. केवळ दुसरं नाव घातल्याने काही होत नाही, पैसा कुणी दिला हे पाहिलं जातं. नवरा-बायको वेगळं राहण्याचा करार करून मालमत्ता देत असतील, तर मात्र क्लबिंग नाही. लग्नाआधी दिलेली मालमत्ताही यातून सुटते. फिलिप जॉन प्लास्केट थॉमस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये म्हटलं, की मालमत्ता देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळी नवरा-बायकोचं नातं हवं. वाग्दत्त वधूला दिलेले शेअर त्यात बसत नाहीत.

म्हणजे आपल्या पद्धतीचं स्वरूप असं आहे: सवलतीच्या वेळी दोघं वेगळे, आणि नवऱ्याचा पैसा बायकोकडे गेला की दोघं एक. संयुक्त रिटर्नची मागणी करणाऱ्यांचा हा सर्वांत मजबूत मुद्दा आहे, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही.

तरीही आजच्या कायद्यात जोडप्याला काही निवडी आहेतच. नवी पद्धत की जुनी, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे ठरवता येतं. एकाने जुनी घेतली म्हणून दुसऱ्याने घ्यायला हवी असं नाही. दोघांनी मिळून घर घेतलं, दोघं कर्जदार आणि दोघं मालक असतील, तर जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट प्रत्येकाला वेगळी मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. जॉइंट एफडीचं व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं, टीडीएसही त्याच पॅनवर जातो. पण पैसा दुसऱ्याचा असेल तर कर त्या दुसऱ्याने द्यायचा असतो आणि बँकेला तसं लेखी कळवून टीडीएसही त्याच्या नावे वळवता येतो. ही साधी गोष्ट फार कमी लोक करतात. ज्येष्ठ नागरिकांच्या घरांत तर सर्रास सगळ्या एफडी आजोबांच्या पहिल्या नावाने असतात, मग आजीचे स्वतःचे पैसे असोत वा नसोत.

एचयूएफबद्दल थोडक्यात. हिंदू अविभक्त कुटुंब हा आयकरात वेगळा करदाता आहे, त्याचा पॅन वेगळा, स्लॅब वेगळे. गिरगावातल्या आणि दादरच्या जुन्या व्यापारी घरांनी त्याचा पिढ्यान्‌पिढ्या वापर केला. ‘हेच आमचं संयुक्त रिटर्न’ असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. एचयूएफकडे वडिलोपार्जित किंवा कुटुंबाला मिळालेली मालमत्ता असावी लागते, आणि पगार तर त्यात घालताच येत नाही. मुंबईतल्या कथोके लॉज या इमारतीचं भाडं कुटुंबाच्या नावे दाखवण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये फसला. नवरा, बायको आणि अविवाहित मुलगी असं कुटुंब न्यायालयाने नाकारलं नाही, पण स्वतःची मालमत्ता कुटुंबाच्या नावे केल्यावरही उत्पन्न वैयक्तिकच धरलं. आता कायद्यातच अशा हस्तांतरावर क्लबिंग आहे, आणि १२ लाखांचा रिबेट एचयूएफला नाही. शिवाय ही सोय फक्त काही धर्मांच्या कुटुंबांना. माहीमसारख्या भागात, जिथे कोळीवाडा, चर्च, दर्गा आणि शितलादेवीचं मंदिर चालत गाठता येतात, तिथे एकाच मजल्यावरच्या दोन घरांना धर्म पाहून वेगळा आयकर लागावा, हे मला पटत नाही. पण एचयूएफचा याहून मोठा दोष आहे. त्यात बायको सदस्य असते, सहदायाद नसते. मुलीला महाराष्ट्राने १९९४च्या दुरुस्तीने आणि मग केंद्राने २००५ मध्ये सहदायाद केलं. सुनेला नाही. वाटणी मागण्याचा हक्क तिला स्वतःला नाही.

आता गोव्याकडे वळू, कारण या प्रश्नाचं सगळ्यांत विचार करायला लावणारं उत्तर तिथे आहे, आणि माहीमच्या चर्चच्या आसपास राहणाऱ्या अनेक घरांची मुळंही तिथली आहेत. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक नियम आजही चालतात. वारसा आणि नोटरीविषयक भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२च्या कायद्यात आला आहे, तो २०१६ पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर लग्नाबरोबरच नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते: आधीची, नंतरची, वारशाने आलेलीही. दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. हे ख्रिश्चनांपुरतं नाही, मडगाव-फोंड्यातल्या हिंदू घरांनाही लागू आहे.

मग कर कुणी भरायचा? यावर बरीच वर्षं वाद झाले. जोडप्याला व्यक्तींचं एक मंडळ मानून एकत्र कर लावायचा की दोघांना वेगळा, यासाठी प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. शेवटी १९९४च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ५अ घातलं आणि ते १ एप्रिल १९६३ पासून लागू असल्याचं ठरवलं. कलम असं सांगतं: पगार सोडून बाकीचं प्रत्येक उत्पन्न, म्हणजे भाडं, धंद्याचा नफा, व्याज, भांडवली नफा, दोघांत निम्मं-निम्मं वाटायचं आणि प्रत्येकाने आपल्या रिटर्नमध्ये आपला अर्धा दाखवायचा. पगार ज्याचा त्याचा. रिटर्नच्या फॉर्ममध्ये यासाठी वेगळा तक्ता आहे, त्यात जोडीदाराचा पॅन लिहावा लागतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. मडगावच्या औषधांच्या दुकानाचा निव्वळ नफा २० लाख असेल, तर नवरा-बायकोच्या रिटर्नमध्ये प्रत्येकी १० लाख येतात आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीत दोघांचा कर शून्य. माहीमच्या तशाच दुकानाचा तेवढाच नफा एकट्या मालकाच्या नावावर असेल, तर कर दोन लाख आठ हजार. एकच देश, एकच आयकर कायदा.

पहिल्या नजरेला ही गोव्याला मिळालेली सूट वाटते. पण नीट पाहिलं, तर कर वाटून दिला आहे कारण मालकी आधीच वाटलेली आहे. मडगावच्या दुकानदाराच्या बायकोने अर्ध्या नफ्यावर रिटर्न भरलं, तर तो अर्धा नफा खरोखर तिचा आहे. उद्या संसार मोडला, नवरा गेला, दिरांनी दारं बंद केली, तरी तो तिचाच राहतो. २०१९च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोस पावलो कुतिन्हो खटल्यात याच्याही पुढे पाऊल टाकलं. मूळ निवास गोव्याचा असलेल्या माणसाची मुंबईतली मालमत्ताही वारशाच्या बाबतीत गोव्याच्या संहितेनेच वाटली जाईल, असं न्यायालय म्हणालं. माहीममध्ये तीन पिढ्या स्थिरावलेल्या प्रत्येक गोवेकर कुटुंबाला हे आपोआप लागू होतं असं नाही, कायदेशीर निवास कुठला हे पाहावं लागतं. पण ज्यांना लागू होतं, त्यांची बायको भागीदार असते, नॉमिनी नव्हे. आयकराने ही मालकी नव्याने दिली नाही, असलेली मान्य केली. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली या क्रमात आहे.

हाच क्रम उलटला तर काय होतं, हे अमेरिकेत घडलेलं आहे. तिथे टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत स्पॅनिश-फ्रेंच परंपरेतून गोव्यासारखाच सामाईक मालमत्तेचा कायदा आला होता. १९३० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. वॉशिंग्टन राज्यातल्या सीबॉर्न जोडप्याच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, की तिथे अर्धं उत्पन्न कायद्यानेच बायकोचं आहे, म्हणून कर दोघांत वाटला जाईल. अर्ल यांच्या खटल्यात म्हणालं, की नवऱ्याने बायकोशी साधा करार करून आपली कमाई वाटून टाकली, तरी कर कमावणाऱ्यालाच लागेल. झालं! इतर राज्यांतले नवरे तक्रार करू लागले. ओक्लाहोमा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांनी १९३९ ते १९४७ च्या दरम्यान घाईने सामाईक मालमत्तेचे कायदे केले. हेतू एकच, कर वाचवणं. मग १९४८ मध्ये काँग्रेसने देशभरच्या जोडप्यांना संयुक्त रिटर्न भरून उत्पन्न निम्मं-निम्मं धरण्याची मुभा दिली. सवलत मिळताच यांतल्या बहुतेक राज्यांनी बायकोला अर्धी मालकी देणारे ते कायदे मागे घेतले. पेनसिल्व्हेनियाचा तर न्यायालयाने आधीच रद्द केला होता. कर अर्धा झाला आणि मालकी पुन्हा नवऱ्याकडे गेली. संयुक्त रिटर्नच्या इतिहासातलं हे पान मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडच्या चर्चेत ते कुणी उलगडत नाही.

आपल्या माणसांना अमेरिकेत खरोखर निवड करावी लागते, त्यामुळे तिथल्या नियमांकडेही पाहायला हवं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी जोडप्यांपैकी बहुतेक जण संयुक्त रिटर्न भरतात, कारण हिशेब त्याच बाजूने झुकतो. २०२५ साठी प्रमाणित वजावट संयुक्त रिटर्नला ३१,५०० डॉलर आहे आणि विवाहित असून वेगळं भरणाऱ्याला १५,७५० डॉलर. वेगळं भरलं, तर शिक्षणाच्या सवलती मिळत नाहीत, विद्यार्थी कर्जावरच्या व्याजाची वजावट जाते, निवृत्तीसाठीच्या रॉथ खात्यात पैसे भरण्याची उत्पन्नमर्यादा दहा हजार डॉलरवर येते आणि एकाने तपशीलवार वजावटी घेतल्या, तर दुसऱ्यालाही त्याच घ्याव्या लागतात. एच-१बी नवरा आणि एच-४ व्हिसावरची बायको, असं घर असलं तर संयुक्त रिटर्नचा फायदा सर्वांत मोठा असतो. मे २०१५ पर्यंत एच-४ वरच्या बायकांना नोकरीची परवानगीच नव्हती. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर मुली तिथे वर्षानुवर्षं घरी बसून होत्या, आणि रिटर्नवर मात्र त्यांची सही होती.

या सहीला वजन आहे. संयुक्त रिटर्नवर सही केली की पूर्ण कराची जबाबदारी दोघांवर येते, एकेकट्यावरही पूर्ण. नवऱ्याने धंद्यातलं उत्पन्न लपवलं आणि ते नंतर उघड झालं, तर घटस्फोटानंतरही वसुली बायकोकडून होऊ शकते. निर्दोष जोडीदारासाठी सुटकेची तरतूद आहे, पण आपल्याला माहीत नव्हतं हे तिने सिद्ध करायचं असतं. वेगळं रिटर्न भरण्याचं खरं कारण बहुधा हेच असतं: जोडीदाराच्या हिशेबावर भरवसा नसणं, संसार मोडण्याच्या वाटेवर असणं. काहींना उत्पन्नाशी जोडलेला विद्यार्थी कर्जाचा हप्ता कमी ठेवायचा असतो, काहींचा वैद्यकीय खर्च मोठा असतो. आणखी एक अडचण माहीममध्ये राहणाऱ्यांनाही भिडते. नवरा अमेरिकेत, बायको इथे, असं असताना तिला तिथली निवासी मानून संयुक्त रिटर्न भरता येतं. पण मग तिचं जगभरचं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं: इथल्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, आणि आपल्याकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा. हे न विचारता सही करू नये.

युरोपातली उदाहरणं थोडक्यात. जर्मनीत १९५८ पासून जोडप्याचं उत्पन्न दोन समान भागांत वाटून कर काढतात, आणि बायकांना अर्धवेळ नोकरीत अडकवण्याचा आरोप या पद्धतीवर तिथे सतत होतो. स्वीडनने १९७१ मध्ये वेगळी आकारणी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत बायकोचं उत्पन्न कायद्याने नवऱ्याचंच समजलं जाई. आता तिथे प्रत्येकाचं वेगळं, पण कमी उत्पन्नाचा जोडीदार आपल्या न वापरलेल्या करमुक्त रकमेतले १,२६० पौंड दुसऱ्याला देऊ शकतो. वाचणारा कर जास्तीत जास्त २५२ पौंड, तोही मूळ दराने कर भरणाऱ्यालाच. सवलत छोटी आणि नेमकी आहे.

आता आपल्याकडच्या मागणीचा हिशेब करू. पहिली गोष्ट, फायदा कुणाला? एकट्या कमावत्याचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असलेल्या घराला नव्या पद्धतीत आजच नेहमीच्या उत्पन्नावर कर नाही. माहीम कोळीवाड्यातलं, बेस्टमधल्या कंडक्टरचं, शाळेतल्या शिपायाचं घर या फायद्यात कुठेच येत नाही. एकाची कमाई १२ लाखांच्या वर आणि दुसऱ्याची शून्य किंवा थोडी, अशा घरांनाच फायदा, आणि साधारणपणे मोठ्या कमाईला मोठा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. समजा, संयुक्त रिटर्नमध्ये सगळे स्लॅब दुप्पट केले आणि रिबेटही दुप्पट, म्हणजे २४ लाखांपर्यंत कर शून्य. सुरुवातीच्या उदाहरणातलं घर खूश होईल, त्यांचे तीन लाख वाचले. आता मुलं मोठी झाली आणि बायकोला सहा लाखांची नोकरी मिळाली. घराचं उत्पन्न ३० लाख होतं, रिबेट संपतो आणि कर सेस सोडून २ लाख १० हजार. म्हणजे तिच्या सहा लाखांमागे घराला २ लाख १० हजार कर, शेकडा ३५. आजच्या पद्धतीत त्याच सहा लाखांवर तिचा कर शून्य आहे. रिबेट दुप्पट केला नाही आणि फक्त स्लॅब दुप्पट केले, तरी तिच्या सहा लाखांवर ९० हजार जातात. ‘तुझ्या पगारातून लोकलचा पास, पाळणाघर आणि कर वजा जाता उरतं काय?’ हा प्रश्न घराघरांत आजही विचारला जातो. कायद्याने त्याला आणखी आधार देऊ नये.

पर्याय ऐच्छिक ठेवला तर? मग कागदावर निवड जोडप्याची, पण घरात निवड कोण करेल, हे आपल्याला माहीत आहे. आज घरातल्या बाईचं स्वतंत्र रिटर्न असतं. ते दाखवून तिला कर्ज मिळतं, व्हिसा मिळतो, शिकवण्या किंवा केटरिंगचा धंदा सुरू करताना पत दाखवता येते. संयुक्त रिटर्नमध्ये तिचं नाव दुसरं असेल आणि हिशेब पहिल्याचा.

एका पगारावर चालणाऱ्या घराची तक्रार मी हलकी मानत नाही. वृद्धांची शुश्रूषा, अपंग मुलाचं संगोपन यासाठी एकाने नोकरी सोडली, तर तो त्याग कराच्या हिशेबात दिसायला हवा. त्यासाठी ब्रिटनसारखी मर्यादित रक्कम जोडीदाराला देण्याची सोय पुरेल. क्लबिंगच्या नियमातही, नवऱ्याच्या दुकानात खरोखर राबणाऱ्या बायकोला पदवी न मागता पगार घेता यावा, एवढा बदल व्हावा. पण उत्पन्न अर्धं वाटण्याची पूर्ण सवलत हवी असेल, तर मालकीही अर्धी वाटावी लागेल. गोव्यात ती वाटलेली आहे. महाराष्ट्रात नाही. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेची मुदत संपली तसं तिथेच संपलं. त्यासाठी आयकराची सवलत मागणाऱ्यांपैकी किती जण भांडले?

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा त्यांचा एक पैसाही कर वाचणार नव्हता. राज्य शासनाने ‘घर दोघांचे’ म्हणत ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावलं. शहरातल्या, शिकलेल्या, २४ लाख कमावणाऱ्या घरांनी निदान तेवढं करून मग संयुक्त रिटर्न मागावं.

तोपर्यंत वेगळं रिटर्नच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वाचणाऱ्या बायकांना एक विनंती. तुमच्या पॅनला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का, हे आज पाहा. आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे घ्या, एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक, उघडून तुमच्या नावावर कोणत्या एफडी, कोणते शेअर, कोणतं भाडं दिसतं ते वाचा. त्यातलं काही ओळखीचं वाटलं नाही, तर सही करण्याआधी विचारा.